आबांची इटाली

उन्हाळ्यात आमच्याकडे शेवया करायला घेतल्या की आबा उंबऱ्याजवळ घोंगडं टाकून बसायचे. रवा आदल्या रात्री भिजवलेला, सकाळी कुटून कुटून लोण्यासारखा केलेला, आणि आजी, आई, धाकली आजी, शेजारच्या दोघीतिघी असा सगळा मेळा ओसरीवर. ओढलेल्या शेवया दोन बाजांवर आडव्या टाकलेल्या काठीवर वाळत पडायच्या. आबा थोडा वेळ नुसतं बघायचे आणि मग म्हणायचे, "इटालीत बी आशाच काठीवर वाळत घालत्यात. निस्तं गूळ-दूध घालीत न्हाईत, तांबाट्याच्या कालवणात खात्यात." आजी मान वर न करता म्हणायची, "मग तितंच ऱ्हायचं हुतं." आबा हसायचे. दर उन्हाळ्याला हे बोलणं व्हायचंच, आणि ते झाल्याशिवाय शेवया झाल्यासारखं आम्हाला वाटायचं नाही.

आबा म्हणजे माझे आजोबा. गाव आमचं वडूजच्या बाजूचं, खटाव तालुक्यातलं. पाऊस चुकला की घरातला एकजण मुंबईला गिरणीत आणि एकजण पलटणीत, हा तिथला जुना रिवाज. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९४० च्या आसपास, आबा बेळगावला गेले आणि मराठा पलटणीत लांगरी म्हणून लागले. लांगरी म्हणजे भटारखान्यातला माणूस. त्यामुळे आम्ही नातवंडांनी "आबा, लढाईची गोष्ट सांगा" म्हटलं की ती हटकून कणकेच्या पोत्यापाशी सुरू व्हायची आणि चुलीपाशी संपायची. बंदुका कुठेतरी लांब वाजत असायच्या. जवळ काय असायचं, तर तेलाच्या पिंपाचा अर्धा भाग उलटा करून केलेला तवा, पावसानं भिजलेली लाकडं, आणि अंधार पडला की खेचरांवर लादून पुढच्या मोर्च्यापर्यंत न्यायच्या चपात्या आणि डाळ.

त्यांच्या पाठोपाठ वर्षभरानं त्यांचा धाकटा भाऊही भरती झाला, तो मात्र शिपाई म्हणून. आम्ही त्यांना धाकले आजोबा म्हणायचो, पाहिलं कुणीच नव्हतं. बेळगावच्या फोटोवाल्याकडे काढलेला एक फोटो होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमान आणि कारंजं, पुढे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला विशीचा पोरगा, पायात पट्ट्या, चेहरा फारच गंभीर. धाकली आजी त्यांची बायको. लग्न झालं तेव्हा ती तेरा-चौदाची असावी. नवऱ्याचा सहवास किती, तर एक सुट्टी आणि तिच्या मागचे-पुढचे काही दिवस. १९४३ सालच्या थंडीत इटलीत सांग्रो नदीच्या बाजूला ते गेले. तार आली, ती गावात वाचता येणाऱ्या एकट्या गुरवाच्या पोरानं वाचली असं आजी सांगायची. आई सांगते की तार नव्हे, पाकीट होतं आणि तलाठ्यानं वाचलं. यातलं खरं काय हे आता कोण सांगणार. दोघी एवढं मात्र सारखंच सांगायच्या की धाकल्या आजीनं त्या दिवशी दळण पुरं केलं आणि मग जात्यावरून उठली.

त्या काळात आमच्या घरात दोन सरकारांचं जाणं-येणं होतं. एकीकडून पलटणीची मनीऑर्डर यायची. दुसरीकडे ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला होता, माणसं पडली होती, आणि पुढच्या वर्षी नाना पाटलांचं प्रतिसरकार साताऱ्यात उभं राहिलं होतं. आबांचे एक मावसभाऊ भूमिगत होते. रात्री-अपरात्री चौघं-पाचजण मागच्या दारानं यायचे, आणि धाकली आजी उठून त्यांना भाकरी थापायची. पीठ आणलेलं असायचं इंग्रजाच्या मनीऑर्डरच्या पैशातून. "दोगांचं बी पोट भरायचं. एक तिकडं लडतोय, एक हिकडं लडतोय, घरची मानसं म्हनून दोगंबी आपलीच," असं ती म्हणायची. स्वातंत्र्याच्या इतिहासाची पुस्तकं मी पुढे बरीच वाचली, त्यात मनीऑर्डर एका पानावर आणि भाकरी दुसऱ्या पानावर असते. आमच्या घरात ती दोन्ही एकाच परातीत होती.

माझा मुलगा म्युनिकला असतो. गेल्या वर्षी त्यानं आम्हा दोघांसाठी आणि स्वतः नवरा-बायकोसाठी भूमध्य समुद्रातली एक क्रूझ ठरवली. ग्रीसची बेटं, मग इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरचं बारी, आणि शेवट रावेन्नाला. व्हेनिसच्या आत मोठी जहाजं आता जाऊ देत नाहीत, २०२१ पासून बंदी आहे, म्हणून बऱ्याच कंपन्या व्हेनिसचे प्रवासी रावेन्नाच्या धक्क्यावर उतरवतात आणि तिथून बसनं पाठवतात. मुलगा जरा खट्टू झाला होता. मी नकाशा उघडून बसलो आणि मला बारी दिसलं, रावेन्ना दिसलं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये समुद्राला मिळणारी एक बारीक निळी रेघ दिसली, सांग्रो नदी. म्हटलं, व्हेनिस राहू दे.

जहाजाचं सुख काय वर्णावं. आमच्यासारख्यांना आधी त्या जेवणाच्या दालनाचीच धास्ती. हिनं घरून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्याच होत्या. दोन टेबलं सोडून पुण्याचं एक मंडळ बसायचं, त्यांच्याकडे लसणाचं लोणचं होतं. देवाणघेवाण झाली. मला मात्र सारखे आबा आठवत होते. त्यांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो मुंबईच्या गोदीत, आणि पाहिला त्याच दिवशी त्यावर चढले. ज्या माणसानं पावसाळ्यातल्या येरळा नदीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही त्याला बोटीच्या पोटात कोंबलेलं. "खालनं सगळी वकत हुती आन् मी सैपाक करीत हुतो," एवढंच ते सांगायचे. आधी इराक, मग मिसरच्या बाजूला तळ, आणि सप्टेंबर १९४३ मध्ये आठवी हिंदी डिव्हिजन इटलीच्या टाचेवर तारांतोला उतरली, तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. तीच आबांची पलटण.

बारीला उतरलो तेव्हा संत निकोलसचं देऊळ पाहायचं ठरलं होतं. ते पाहिलंही. पण जुन्या गावठाणाच्या एका बोळात शिरलो आणि पुढे पाऊलच उचलेना. दारादारात म्हाताऱ्या बाया लाकडी पाटापुढे बसलेल्या. कणकेची सुरळी करायची, सुरीनं तुकडा पाडायचा, सुरीच्या पात्यानं ओढून अंगठ्यावर उलटवायचा, की झाली कानाच्या पाळीएवढी वाटी. ओरेक्किएत्ते म्हणतात त्याला. जाळीच्या चौकटींवर ती वाळत घातलेली, आणि बायांची तोंडं हातांपेक्षा जोरात चाललेली. आमची ही तिथे उकिडवी बसली आणि एकीनं तिच्या हातात सुरी दिली. पहिल्या चार बिघडल्या, पाचवी जमली. त्या बाईनं हिच्या गालाला पीठ लागलं होतं ते आपल्या पदराने, म्हणजे एप्रनने, पुसलं. आमच्या ओसरीवर आबा उंबऱ्याशी बसून जे सांगायचे ते इतकं शब्दशः समोर मांडलेलं पाहून मला बोलता येईना.

त्याच बारीच्या बंदरावर २ डिसेंबर १९४३ च्या संध्याकाळी जर्मन विमानांनी बाँब टाकले. धक्क्याला दोस्तांची जहाजं खेटून उभी होती, आणि त्यातल्या जॉन हार्वे या अमेरिकी जहाजात गुपचूप आणलेला मस्टर्ड वायू होता. पाण्यात पडलेल्या खलाशांच्या अंगाला तो लागला, डॉक्टरांना काही दिवस कळेचना की या माणसांची कातडी अशी का सुटते आहे. गावातलीही कितीतरी माणसं गेली. उत्तरेला सांग्रोवर लढणाऱ्या फौजेची रसद याच बंदरातून जायची. आबा सांगायचे, मध्ये एकदा बरेच दिवस साखर आणि चहा आलाच नाही, तेव्हा सगळी पलटण गूळ घालून उकळलेलं पाणी प्यायली. ते याच दिवसांतलं असावं असं मला वाटतं. पण आबांच्या गोष्टींना तारखा नसायच्या, असायचा फक्त तुटवडा.

संध्याकाळी जहाज सुटलं ते दुसऱ्या दिवशी रावेन्नाला लागलं. तारांतोला उतरलेल्या आबांच्या पलटणीला रावेन्नाजवळच्या सेनिओ नदीपर्यंत यायला दीड वर्षाच्या आसपास लागलं होतं. मध्ये कसिनो, मध्ये फ्लॉरेन्स, मध्ये अपेनाइन डोंगरातली दुसरी थंडी. आम्ही गादीवर झोपून तो सगळा किनारा एका रात्रीत मागे टाकला. मध्यरात्रीनंतर मी डेकवर जाऊन उभा राहिलो. डाव्या हाताला फार लांब उजेडाची एक ओळ होती. मुलगा फोनवर नकाशा बघून म्हणाला, "बाबा, आता सांग्रोच्या समोर असू." थंड वारा होता. हिनं मागून आणून माझ्या खांद्यावर शाल टाकली.

मिलानहून परतीचं विमान होतं आणि मध्ये मोकळे दिवस होते. आधी सेनिओवर गेलो, कारण ती जवळ. रावेन्नाच्या पश्चिमेला सगळा सपाट मुलूख, पीचच्या आणि द्राक्षांच्या बागा, सरळ रेघा मारलेले पाट. नदी दिसतच नाही, दिसतो तो गवतानं भरलेला उंच बांध. त्याच्यावर चढलं की खाली अरुंद पाणी, आणि पलीकडे तसाच दुसरा बांध. एवढीशी नदी. १९४४-४५ ची सगळी थंडी जर्मन फौज या बांधांना भोकं पाडून आत बसली होती, आणि काही ठिकाणी अलीकडचा बांधही त्यांच्याच हातात होता. जवळचं अल्फोन्सिने गाव जवळजवळ मातीला मिळालं. तिथे आता या लढाईचं संग्रहालय आहे.

९ एप्रिल १९४५ ला दुपारभर विमानांनी आणि तोफांनी पलीकडचा काठ भाजून काढला, संध्याकाळी ज्वाला फेकणारे रणगाडे पुढे आले, आणि अंधार पडताना मराठे पाण्यात उतरले. त्यांत नामदेव जाधव होते, नगर जिल्ह्यातले, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. बरोबरचे सगळे जखमी झाले किंवा पडले. नामदेव एकेक करून दोघा जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या बांधावरून मागे घेऊन आले. मग परत गेले. एक मशीनगनचं ठाणं बंदुकीनं मोडलं, हाताला गोळी लागल्यावर बंदूक चालेना, ती टाकून दिली आणि हातगोळ्यांवर आणखी दोन ठाणी मोडली. नंतर बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची गर्जना देत मागच्या कंपन्यांना हातानं बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबा हे सांगताना शेवटी एकच वाक्य टाकायचे, "त्यो माज्या हातचं जेवलाय." आणि त्याला जोडून माणगावच्या यशवंत घाडग्यांचं नाव निघायचंच. ते तिसऱ्या बटालियनचे, आबांनी त्यांना पाहिलेलं नसणार. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांनी एकट्यानं मशीनगनचं ठाणं घेतलं, शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं, आणि तिथेच गोळी लागून गेले. वय बावीस. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीनं दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेलकडून घेतला. आबा हा भाग सांगायचे तेव्हा धाकली आजी उठून गोठ्यात जायची. इटलीतल्या मोन्तोने गावानं २०२३ मध्ये यशवंतरावांच्या स्मरणासाठी एक सूर्यघड्याळ उभारलं आहे. ते पाहणं आम्हाला जमलं नाही.

फोर्लीचं हिंदी सैनिकांचं स्मशान रावेन्नाच्या रस्त्यावरच लागतं. जवळपास पाचशे कबरी, आणि ज्यांचं दहन झालं अशा सातशेहून अधिक जणांची नावं कोरलेलं स्मारक. आम्ही फुलं ठेवली. धाकले आजोबा इथे नव्हते. ते सांग्रोवर.

आता जरा फ्लॉरेन्सचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय आबा पुरे होत नाहीत. ते म्हणायचे, "एका गढीत आमी चित्रांवर पहारा दिला. भिंतीएवढी चित्रं. बाया, नुस्त्या फुलात उब्या, अंगावर धड कापड न्हाई. आमचा सुभेदार म्हनला, हात लावू नगा, देवळातल्या हायत." लहानपणी आम्ही ही गोष्ट आजी आसपास नसताना पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. पुढे कॉलेजात असताना एका पुस्तकात वाचलं की फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयातली चित्रं लढाईपासून वाचवायला आसपासच्या गढ्यांमध्ये नेऊन ठेवली होती, आणि १९४४ च्या उन्हाळ्यात मोन्तेगुफोनीच्या गढीत त्यांच्यावर मराठा पलटणीचा पहारा होता. बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' तिथेच होतं. तेव्हा आबा हयात होते. मी ते चित्र छापलेलं पान नेऊन दाखवलं. चश्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ही मदली. हिच्याखाली मी परात ठिवली हुती." त्यांना खरंच आठवत होतं की माझं मन राखलं, कोण जाणे. मी मात्र ते खरं मानून चाललो आहे.

दुसऱ्या दिवशी आगगाडीनं दक्षिणेला निघालो. रिमिनीपासून पुढे रूळ समुद्राला धरूनच जातात. डावीकडे पाणी, उजवीकडे टेकड्यांवर चढलेली गावं. पेस्काराला उतरून गाडी केली. ओर्तोनापासून खाली वास्तोपर्यंतच्या किनाऱ्याला त्राबोक्कींचा किनारा म्हणतात. त्राबोक्को म्हणजे पाण्यात लाकडी खांब रोवून केलेला माचा, तिथपर्यंत जायला फळ्यांचा साकव, आणि माच्यावरून लांबलचक वाशांना टांगलेलं चौकोनी जाळं. रहाटानं जाळं पाण्यात सोडायचं, रहाटानंच वर ओढायचं. होडीत न बसता मासे धरायची सोय. आता त्यातल्या पुष्कळांची खानावळ झाली आहे. माझ्या डोक्यात हा किनारा कायम राखाडी, पावसाचा, चिखलाचा होता, कारण आबांनी तो नोव्हेंबर-डिसेंबरात पाहिला. आम्ही गेलो तेव्हा ऊन होतं आणि जुन्या रेल्वेच्या मार्गावरून पोरं सायकली हाणत चालली होती.

१९४३ च्या नोव्हेंबरात सांग्रोला पूर आला. माँटगोमेरीच्या आठव्या आर्मीनं टाकलेले पूल वाहून जात होते, पलीकडे गेलेली माणसं पलीकडेच अडकत होती. "नदी आपल्या येरळंवानी," आबा म्हणायचे, "उन्हाळ्यात गुडघाभर नसंल. पन पाऊस लागला की राक्षीन." नदी ओलांडल्यावर वरच्या कड्यावरची गावं एकेक करून घ्यायची होती. पुढे मोरो नदीवर हिंदी सॅपर्सनी पलीकडून अलीकडे असा उलटा पूल बांधला, कारण अलीकडच्या बाजूला सामान वळवायला जागाच नव्हती. त्याला 'अशक्य पूल' असं नाव पडलं. ओर्तोना कॅनडाच्या सैनिकांनी नाताळच्या दिवसांत घराघरातून लढून घेतलं, त्यांचं स्मशान मोरोजवळ समुद्राकडे तोंड करून आहे.

आबांचा भटारखाना या भागात एका म्हातारीच्या घरात होता. गावाचं नाव ते कॅस्तेल काहीतरी सांगायचे. इथे दर दुसरं गाव कॅस्तेल आहे, त्यामुळे शोधायला जागाच नाही. म्हातारीची दोन्ही पोरं रशियाकडे गेलेली, घरात ती, सून आणि तीन नातवंडं. वरचा मजला तोफेनं उडालेला, सगळी खालच्या दारूच्या तळघरात. तिनं आबांना चुलीची जागा दिली, आबांनी तिच्या पोरांना चपाती आणि गुळाचा खडा दिला. ती ऑलिव्हच्या तेलात पाव बुडवून त्यांच्या पुढ्यात ठेवायची, आबांना त्या तेलाचा वास सोसायचा नाही पण ते खायचे. "परक्यानं दिलेलं न्हाई म्हनू ने." तिनंच त्यांना काठीवर शेवया वाळवायला शिकवलं, म्हणजे लावलंच कामाला. आणि ज्या रात्री धाकला भाऊ गेल्याची बातमी आली, तेव्हा म्हातारीनं आबांना चुलीपुढून उठवलं, स्वतः बसली, आणि अख्ख्या कंपनीच्या चपात्या तिनं आणि तिच्या सुनेनं केल्या. जाड, वेड्यावाकड्या, काही करपलेल्या. पोरांनी मुकाट्यानं खाल्ल्या. भावाच्या मरणाबद्दल आबांनी उभ्या आयुष्यात एवढंच सांगितलं. कसा गेला, कुठे लागलं, काही नाही. चितेला ऑलिव्हची लाकडं होती, हे एकदा आजीला बोलले होते म्हणे.

तोरिनो दी सांग्रो गावाजवळ उतारावर सांग्रोचं युद्धस्मशान आहे. २,६०० हून अधिक कबरी, रांगांनी पांढरे दगड, प्रत्येकाच्या पायाशी फुलझाडं, आणि गवत असं राखलेलं की त्यावरून चालताना आपण चप्पल काढावी असं वाटतं. हिनं काढली. आवारात दहनस्मारक आहे, पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांच्या नावांचं. ज्यांना माती मिळाली त्यांना एकेक दगड मिळाला, ज्यांना अग्नी मिळाला त्यांना एकेक ओळ. पलटणीप्रमाणे नावं आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीपाशी आलो आणि मी मोठ्यानं वाचायला लागलो. मोरे, पवार, शिंदे, कदम, साळुंखे, जाधव. इंग्रजी कारकुनानं लिहिलेली, कुठे अक्षर जास्त, कुठे कमी, पण मोठ्यानं वाचली की नीट होतात. सून म्हणाली, "बाबा, हे शाळेच्या हजेरीसारखं वाटतंय." धाकले आजोबा सापडले. हात लावला. दगड उन्हानं तापला होता.

मुलगा तेवढ्यात फाटकाकडे गेला होता. अशा सगळ्या स्मशानांत फाटकाजवळच्या भिंतीत एक छोटं दार असतं आणि आत नोंदवही. त्यानं हाक मारली. वहीत नुसती नावं नव्हती. अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव, जिल्हा सातारा, असं लिहिलेलं. धाकल्या आजोबांच्या नावापुढे धाकल्या आजीचं नाव होतं. स्पेलिंग चुकलेलं, पण तिचंच. जी बाई औंधच्या यमाईपलीकडे क्वचित गेली, मुंबई जिनं एकदाच पाहिली, तिचं नाव एड्रियाटिक समुद्राच्या काठी, भिंतीतल्या कोनाड्यात, कित्येक वर्षं वहीत आहे, आणि ते तिला कुणी कधी सांगितलंच नाही. पेन्शनच्या कागदावर तिचा अंगठा होता. गावच्या दस्तात ती कुणाची तरी विधवा होती. रेशनकार्डावर माझ्या आजीच्या खाली होती. तिचं नाव नवऱ्याच्या नावाच्या बरोबरीनं छापलेलं मी आयुष्यात प्रथम तिथे पाहिलं. ही रडली. मीही रडलो.

त्या पानावर आणि पुढच्या-मागच्या पानांवर किती बाया होत्या. इटलीत पाच हजारांहून अधिक हिंदी सैनिक पडले. त्यांच्याबद्दल लिहिताना आपण नद्या लिहितो, पूल लिहितो, पदकं लिहितो, आणि ते लिहायलाच हवं. पण मला वाटतं हा किनारा पुरता समजायचा तर त्या वहीतल्या बायांच्या घरी जायला हवं. तिथे काय शिजत होतं, दळण कोण संपवत होतं, मनीऑर्डर कुणी मोजली, पुढची चाळीस वर्षं त्या कुणाच्या ओसरीवर शेवया ओढत बसल्या. आमची धाकली आजी आबांनी इटालीचं नाव काढलं की कधी गोठ्यात जायची, कधी नुसती हात चालू ठेवायची, पण एक करायची. शेवयांचा पहिला घाणा झाला की त्यातल्या चार शेवया तशाच, बिनदुधाच्या, बिनगुळाच्या, पानावर घालून कोनाड्यातल्या फोटोपुढे ठेवायची. का, ते कुणी विचारलं नाही. मला त्या वहीपुढे उभं असताना वाटलं, आबांचं ऐकून ती त्यांना तिथल्यासारखं वाढत असावी.

हिच्या पिशवीत अजून शेंगदाण्याची चटणी होती आणि सकाळी हॉटेलातून घेतलेला पाव. स्मारकाच्या पायरीवर कागद पसरून त्यावर दोन्ही ठेवलं. तिथे काम करणारा माळी लांबून बघत होता, मला वाटलं हटकेल. तो आला, टोपी काढून थोडा उभा राहिला, आणि आपल्या डब्यातलं एक अंजीर काढून त्या कागदावर ठेवून गेला.

मराठ्यांची सगळी पानं मुलानं फोनवर टिपून घेतली. परत आल्यावर ती मोठी करून छापली आणि यात्रेला गावी गेलो तेव्हा पारावर वाचून दाखवली, आपल्या भागातली तेवढी. आधी चारदोनच माणसं होती, मग देवळातली उठून आली, मग बायका. एक नाव वाचलं तर पलीकडच्या वाडीचे नव्वदीला टेकलेले बापू म्हणाले, ह्यो आमच्या वरल्या आळीचा, ह्याची बायको पुढं दिराकडं ऱ्हायली. दुसरे म्हणाले, छे, ती न्हवं, ती अंबवड्याची, हिची आई माझ्या आत्याची नणंद. बापूंनी काठी आपटली. कुणीतरी म्हणालं, मग आता तिच्या नातवाला फोन लावू, तो पुसेगावात असतो, त्याला ठाऊक असंल. नंबर कुणाकडेच नव्हता. एक पोरगा मोटरसायकल काढून निघाला, आणि बापू मला म्हणाले, "तू थांबू नगंस. फुडचं नाव वाच."